ग्रंथवेष्टन : साधन कीं आवरण ?

जुन्या पोथीचें परीक्षण करावयास बसलेला संशोधक ती प्रथम वाचीत नाहीं. तो ती पाहतो. कागद कोणत्या जातीचा, शाई कोणती, पत्रें किती, समासांत काय लिहिलें आहे, पुष्पिकेंत लेखकाचें नांव, स्थळ व शक दिला आहे कीं नाहीं, पोथी कोणत्या बासनांत बांधलेली होती व तें बासन कोणाच्या घरांतून आलें, इतक्या गोष्टींची नोंद झाल्यावर मगच पहिल्या ओळीकडे त्याची दृष्टि वळते. ही शिस्त आपल्याकडे आतां इतकी मुरली आहे कीं, तिचें समर्थन करण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु हाच संशोधक छापील पुस्तक हातीं आलें म्हणजे ती सारी बाजूस ठेवतो. ग्रंथकार, प्रकाशक, मुद्रक व सन एवढें तो टिपून घेतो. पण पुस्तकावरील कागदी वेष्टन कोणीं आंखलें, तें कोणत्या आवृत्तीस बदललें, त्यावर काय छापलें होतें, याकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. ग्रंथालयांत तर नव्या बांधणीच्या वेळीं तें बहुधा टोपलींत जातें. छापील ग्रंथाचें वेष्टन हें केवळ आवरण आहे कीं इतिहासाचें साधन आहे, आणि साधन असेल तर त्याची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम आपल्याच परंपरेकडे पाहूं. सुट्या पत्रांच्या पोथीस शिवण नाहीं व पुठ्ठाही नाहीं. तिचें रक्षण दोन लांकडी फळ्या व त्यांभोंवतीं गुंडाळलेलें वस्त्र यांनींच होई. या फळ्या पुष्कळ ठिकाणीं कोऱ्या असत. परंतु पश्चिम भारतांतील जैन ग्रंथभांडारांत ताडपत्रांच्या ग्रंथांवरील फळ्या रंगविण्याचा प्रघात होता; त्यांस तिकडे पटली म्हणतात. विक्रम संवत् ११८१ मध्यें पाटण येथें सिद्धराज जयसिंहाच्या सभेंत श्वेतांबर आचार्य देवसूरि व दिगंबर आचार्य कुमुदचंद्र यांचा जो प्रसिद्ध वाद झाला, त्याचें चित्रण अशा एका पटलीवर आहे. जिनदत्तसूरींचें चित्र असलेल्या पटल्याही उपलब्ध आहेत. बाराव्या शतकांतील पश्चिम भारताच्या चित्रकलेविषयीं कांहीं निश्चित बोलावयाचें तर या फळ्यांचा आधार घ्यावाच लागतो. ग्रंथाचा मजकूर तेवढा महत्त्वाचा, फळी म्हणजे नुसतें लांकूड, असें मानून कोणी त्या चुलींत घातल्या असत्या, तर चित्रकलेच्या इतिहासांतील एक प्रकरणच नष्ट झालें असतें.

दुसरें उदाहरण दफ्तराचें. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत, व रुमाल हेंच तेथील मोजमापाचें मान होऊन बसलें आहे. कागद रुमालांतून सुटला म्हणजे त्याचे शेजारी सुटतात. शेजारी सुटले म्हणजे मित्या नसलेल्या कागदाचा काळ ठरविण्याचें एक मोठें साधन हातचें जातें. राजवाड्यांनीं आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून कागद कोठें, कसे व कोणत्या स्थितींत सांपडले हें जें सविस्तर सांगितलें, तें हौसेखातर नव्हे. वस्तूवरील वेष्टन हें वस्तूच्या प्रवासाचें टिपण असतें, हा त्यांतील सिद्धांत होय. तोच सिद्धांत छापील पुस्तकास लावावयास आम्हांस कांहीं प्रत्यवाय दिसत नाहीं.

आज ज्याला आपण पुस्तकाचें वेष्टन किंवा जॅकेट म्हणतों, म्हणजे बांधणीहून वेगळा, काढतां-घालतां येण्यासारखा कागद, तो इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशांत दिसूं लागतो. आजपर्यंत सांपडलेल्या अशा वेष्टनांत सर्वांत जुनें म्हणून जें मानलें जातें, तें 'फ्रेंडशिप्स ऑफरिंग' या भेटवार्षिकाच्या १८३० सालच्या अंकाचें. हा अंक १८२९ च्या अखेरीस निघाला होता. वेष्टन पुस्तकापासून विभक्त होऊन ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत पडलें होतें, व तें २००९ सालीं प्रसिद्धीस आलें. पुस्तकाची बांधणी रेशमी होती. ती मळूं नये म्हणून पुडक्याप्रमाणें सर्व बाजूंनीं कागद गुंडाळून त्यावर लाखेची मोहोर केलेली होती. त्यापूर्वीं हा मान 'द कीपसेक' च्या १८३३ सालच्या अंकाच्या वेष्टनाकडे होता. तें जॉन कार्टर या ग्रंथवेत्त्यानें १९३४ सालीं उजेडांत आणलें, आणि पुढें तें गहाळ झालें ! शंभर वर्षें टिकलेला कागद त्याची किंमत कळल्यानंतर हरवावा, यावरून या साधनाची नाजूक प्रकृति वाचकांच्या ध्यानांत येईल.

हीं आरंभींचीं वेष्टनें फेंकून देण्यासाठींच केलेलीं होतीं, हें विसरतां कामा नये. दुकानांत पुस्तक विक्रीस मांडतांना वेष्टन काढून ठेवीत. लुइस कॅरोलनें १८७६ सालीं 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' च्या प्रकाशनाच्या वेळीं मॅकमिलन कंपनीस अशी सूचना केली कीं, वेष्टनाच्या कण्यावर पुस्तकाचें नांव छापावें, म्हणजे तें न काढतां पुस्तक मांडतां येईल व स्वच्छ राहील. या लहानशा व्यावहारिक सूचनेंत पुढील साऱ्या इतिहासाचें बीज आहे. ज्या कागदावर नांव आलें, त्यावर आज ना उद्यां चित्र येणारच. व ज्यावर चित्र आलें, तें रक्षणाचें काम सोडून बोलावण्याचें काम करूं लागणारच. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सोनेरी ठशांनीं नटलेल्या कापडी बांधण्या हळूहळू साध्या होत गेल्या आणि त्यांवरील सारा शृंगार वेष्टनावर उतरला.

येथून दोन मार्ग फुटतात. एक मार्ग प्रकाशकाची ओळख पटविण्याचा. व्हिक्टर गोलान्झ यांनीं १९२७ सालीं आपली संस्था काढली व स्टॅन्ले मॉरिसन या अक्षरतज्ज्ञाकडून वेष्टनें करवून घेतलीं. पिंवळाधमक कागद, त्यावर काळीं व किरमिजी ठळक अक्षरें, चित्र बहुधा नाहींच. दुकानाच्या दारांतून पाहतांच पुस्तक कोणाचें तें कळावें. १९३५ सालीं ॲलन लेन यांनीं पेंग्विन मालेचीं पहिलीं दहा पुस्तकें सहा पेन्सांस विकावयास काढलीं. तेथें वेगळें जॅकेट मुख्य नसून कागदी मुखपृष्ठच मुख्य होतें. एडवर्ड यंग यांनीं आंखलेल्या तीन आडव्या पट्ट्या व विषयपरत्वें रंग, म्हणजे कादंबरीस नारिंगी, चरित्रास गडद निळा, गुन्ह्याच्या कथेस हिरवा, हीच मालेची मुद्रा झाली. पुढें १९४७ ते १९४९ या काळांत यान चिशोल्ड यांनीं त्या मालेच्या अक्षरजुळणीस कडक नियम घालून दिले. दुसरा मार्ग त्या एकाच पुस्तकाची ओळख पटविण्याचा. येथें प्रकाशकाची मुद्रा गौण, ग्रंथाचें अंतरंग प्रधान. पहिल्या मार्गांत वेष्टन हें निशाण आहे. दुसऱ्यांत तें भाष्य आहे. टीकाकाराचें खरें काम या दुसऱ्या प्रकाराशीं पडतें.

वेष्टनाला भाष्य म्हणणें ही आमची अतिशयोक्ति नव्हे. स्कॉट फिट्झजेरल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्सनें प्रसिद्ध केली. तिच्या वेष्टनावर फ्रान्सिस कूगा या चित्रकारानें निळ्या आकाशांत तरंगणारे दोन डोळे व ओठ काढले आहेत. कादंबरी पुरी होण्यापूर्वींच लेखकानें आपल्या संपादकास कळविलें कीं, तें वेष्टन दुसऱ्या कोणास देऊं नये. आपण तें कादंबरींत लिहून टाकलें आहे. लेखकानें त्या वेळीं नक्की कोणतें कच्चें चित्र पाहिलें होतें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु वेष्टन आधीं व मजकुराचा कांहीं भाग मागाहून, असा क्रम येथें घडला एवढें निश्चित. अशा ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति वेष्टन न पाहतां कशी काढावी, हा प्रश्न आम्ही पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांपुढें ठेवतों.

संग्राहकांनीं या उदाहरणांतील दुसरी बाजूही ध्यानांत घ्यावी. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची वेष्टनासह प्रत वेष्टनरहित प्रतीच्या अनेक पटींनीं अधिक किंमतीस जाते. जेथें किंमत आली तेथें बनावट आलीच. नव्यानें छापलेलीं हुबेहूब वेष्टनें जुन्या प्रतींवर चढविणें, किंवा एका प्रतीचें वेष्टन दुसऱ्या प्रतीस जोडणें, हे उद्योग पुस्तकांच्या बाजारांत चालतात. अशा वेळीं परीक्षा सूक्ष्म चिन्हांवरच होते. 'गॅट्सबी' च्या पहिल्या वेष्टनाच्या मागील बाजूस नायकाच्या नांवाचें आद्याक्षर चुकून लहान लिपींत पडलें होतें व तें मागाहून प्रतीप्रतींवर दुरुस्त केलेलें आढळतें. पोथींतील हरताळ लावलेल्या अक्षरावरून आपण जें अनुमान काढतों, त्याच जातीचें हें अनुमान आहे. खोटी सनद ओळखणाऱ्या डोळ्यास खोटें वेष्टन ओळखणें कठीण जाऊं नये. मात्र त्यानें तें पाहिलें पाहिजे.

आतां कसोटीचा प्रश्न. आमच्या मतें चांगल्या वेष्टनाची पहिली कसोटी ही कीं, तें दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर चढवितां येऊं नये. या कसोटीस पुरेपूर उतरणारें उदाहरण कलकत्त्याचें आहे. दिलीपकुमार गुप्त यांनीं १९४३ सालीं सिग्नेट प्रेस काढला व वेष्टनांचें काम सत्यजित राय या तरुण चित्रकारावर सोंपविलें. जवाहरलाल नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' चें १९४६ सालचें वेष्टन त्यांचेंच. परंतु आमच्या दृष्टीनें त्यांची परमावधि जिम कॉर्बेटच्या कुमाऊंमधील नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली भाषांतराच्या वेष्टनांत झाली आहे. सारें वेष्टन म्हणजे वाघाचें पट्टेदार कातडें. पुढल्या बाजूस बंदुकीची गोळी शिरल्याचें छिद्र, मागल्या बाजूस ती बाहेर पडल्याचें. वाघ नाहीं, शिकारी नाहीं, अरण्यही नाहीं. पुढील व मागील पृष्ठ यांमधील अंतर, म्हणजे पुस्तकाचीं सारीं पानें, हाच त्या गोळीचा मार्ग. वेष्टनाच्या दोन बाजू या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत हें भान येथें इतकें पक्कें आहे कीं, नुसत्या पुढल्या पानाचें छायाचित्र पाहणारास हें वेष्टन समजणारच नाहीं. याच सिग्नेट प्रेससाठीं विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली' च्या मुलांकरितां केलेल्या संक्षेपाचीं चित्रें काढतांना त्या कथेनें रायांस घेरलें, व १९५५ सालीं त्याच कथेचा चित्रपट त्यांनीं जगापुढें ठेवला. पुस्तक सजविणारा हा पुस्तकाचा पहिला गंभीर वाचक असूं शकतो, याचा याहून मोठा पुरावा नको.

मराठीकडे वळलें असतां सामग्री थोडी नाहीं. अभ्यास थोडा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकानें १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून सचित्र मुखपृष्ठाची गोडी मराठी वाचकांत वाढत गेली. म. वि. धुरंधर यांच्यासारखा कसलेला चित्रकार पुस्तकांसाठींही चित्रें काढीत असे. किंकेडच्या १९१४ सालच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' मधील चित्रें त्यांचींच आहेत. पुढें मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनीं शेंकडों मुखपृष्ठें केलीं व १९४५ सालीं 'दीपावली' हा वार्षिक सुरू केला. दलालांच्या रंगांनीं एका पिढीच्या डोळ्यांस वळण लावलें, हें त्यांच्या टीकाकारांनींही मान्य करावें. तथापि वरील कसोटी लावली तर त्यांच्या कामांत दोन थर दिसतात. जेथें ग्रंथाचा विषय त्यांच्या रेषेस आव्हान देतो, तेथें चित्र ग्रंथाचें होतें. जेथें देत नाहीं, तेथें तीच डौलदार स्त्री निरनिराळ्या लुगड्यांत निरनिराळ्या कादंबऱ्यांवर उभी राहते. याचा दोष एकट्या चित्रकाराकडे नाहीं. हस्तलिखित वाचावयास न देतां केवळ नांव सांगून चित्र मागविणाऱ्या पद्धतींत याहून वेगळें काय निपजावें ? उलट वसंत सरवटे यांच्या कामांत रेषा थोडी व वाचन पुष्कळ आहे. आणि अरुण कोलटकर यांनीं १९७६ सालीं 'जेजुरी' सह क्लिअरिंग हाउसच्या कवितासंग्रहांची जी मांडणी केली, तींत कवि व आकल्पक एकच असल्यामुळें वेष्टन व मजकूर यांतील सांधा शोधूनही सांपडत नाहीं.

वेष्टनाचें परीक्षण करतांना छपाईचें अर्थकारण विसरूं नये. ठशांच्या छपाईंत प्रत्येक रंगास निराळा ठसा व निराळी फेरी लागे. म्हणून जुन्या मराठी मुखपृष्ठांवर दोनच सपाट रंग दिसले तर तें चित्रकाराचें दारिद्र्य समजूं नये. कित्येकदां कागदाचाच पांढरा रंग तिसरा म्हणून त्यानें मोठ्या युक्तीनें वापरलेला असतो. तीन रंगांचें छायाठशाचें चित्र व त्यास लागणारा गुळगुळीत कागद ज्या पुस्तकावर आढळतो, त्यावर प्रकाशकानें अधिक पैसा व अधिक आशा लावली होती, असें अनुमान करण्यास जागा असते. पहिल्या आवृत्तीस तीन रंग व दुसरीस एक, हा पालट विक्रीच्या हिशेबाच्या वह्या नष्ट झाल्यावरही कांहीं तरी सांगून जातो.

आमच्या वाचकांचा विशेष संबंध ज्याच्याशीं येतो तो प्रश्न ऐतिहासिक पुस्तकांच्या वेष्टनांचा. शिवाजीमहाराजांचें म्हणून एका भलत्याच मुसलमान सरदाराचें चित्र पुस्तकांतून छापलें जात असे, व वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं समकालीन चित्र पुढें आणून तो भ्रम दूर केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. चूक मजकुरांत असती तर एखाद्या परीक्षणानें ती लवकर दाखविली असती. चित्राकडे मात्र पुराव्याच्या दृष्टीनें कोणी पाहत नाहीं, म्हणून तें वर्षानुवर्षें निर्वेध चालतें. आजही शिवकालीन प्रसंगास पेशवाईंतील पगडी, किंवा सतराव्या शतकांतील किल्ल्यास इंग्रजी अमदानींतील डागडुजीसह जशाचा तसा आजचा बुरूज, अशीं वेष्टनें दृष्टीस पडतात. आंत लेखकानें एकेका मितीसाठीं चार चार साधनें ताडून पाहावीं व बाहेर प्रकाशकानें दोन शतकें एका चित्रांत कालवावीं, हा विसंवाद आम्हांस असह्य वाटतो. पुस्तक वाचणारे शेंकडों, तर वेष्टन पाहणारे हजारों. तेव्हां खोटा इतिहास कोणत्या दारानें अधिक पसरतो हें सांगावयास नको. वेष्टनावरील ऐतिहासिक चित्र हें विधान आहे, व विधानास आधार पाहिजे. चित्र समकालीन असेल तर मूळ कोठें आहे तें, आणि कल्पित असेल तर तसें, आंतल्या पानावर स्पष्ट छापावें, एवढी अपेक्षा प्रत्येक परीक्षकानें बोलून दाखवावी.

एवढें महत्त्व असूनही वेष्टनाची नोंद कोठेंच कां होत नाहीं ? याचें मूळ नोंदणीच्या पद्धतींतच आहे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याच्या अठराव्या कलमानें पुस्तकाविषयीं जीं कलमें टिपावयास सांगितलीं, त्यांत नांव, भाषा, ग्रंथकार, विषय, स्थळ, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पृष्ठें, आकार, आवृत्ति, प्रतींची संख्या, छपाईचा प्रकार, किंमत व स्वामित्व इतकें होतें. वेष्टन व त्याचा कर्ता नव्हता. तो कायदा रद्द करणारा २०२३ चा कायदा २०२४ सालीं अंमलांत आला, त्यांत तर पुस्तकांचा प्रश्नच उरला नाहीं. ग्रंथालयांस प्रती देण्याविषयींच्या १९५४ च्या कायद्यांत नकाशे व चित्रें यांसह उत्तम प्रत द्यावी असें आहे. वेष्टनाचा नामनिर्देश नाहीं. ज्याचें नांव कायद्यांत नाहीं त्याला सूचींत जागा नाहीं, आणि ज्याला सूचींत जागा नाहीं त्याला कपाटांत तरी कोठून असणार ? पोथी उतरून घेणारा लेखक शेवटीं आपलें नांव, गांव व शक घालून, पोथी तेल-पाण्यापासून राखा अशी वाचकास विनवणी करूं शकला. वेष्टन रंगविणाऱ्या कित्येकांस तेवढीही ओळ मिळाली नाहीं.

कोणी म्हणेल कीं, वेष्टन ही प्रकाशकाची जाहिरात आहे. तिच्यावर विश्वास काय ठेवावा? आमचें उत्तर असें कीं, बखरीही कोणाच्या तरी सांगण्यावरून व कोणाच्या तरी बाजूनें लिहिल्या गेल्या. म्हणून आपण त्या जाळल्या नाहींत, ताडून पाहिल्या. वेष्टनाच्या मलपृष्ठावर ग्रंथाची जी भलावण असते, ती त्या ग्रंथावरील पहिली टीका होय. त्यावर 'आगामी' म्हणून छापलेलीं व पुढें कधींच न निघालेलीं पुस्तकें, प्रकाशकाचा बदललेला पत्ता, वाढलेली किंमत, यांवरून सन न छापलेल्या आवृत्तीचा काळ ठरवितां येतो. दुसरा आक्षेप जागेचा. तो खरा आहे. परंतु एका वेष्टनास लागणारी जागा एका कागदाची आहे, आणि जी संस्था हजारों सुटे कागद सांभाळते तिला ती जड होऊं नये.

यास्तव आमची सूचना अशी. पुस्तक बांधणीस देण्यापूर्वीं वेष्टन काढून, न चिकटवितां, न दुमडतां, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावें व त्यावर पुस्तकाचा दाखलक्रमांक घालावा. पुढील व मागील बाजू, कणा आणि आंत दुमडलेल्या दोन्ही पट्ट्या यांचें छायाचित्र घ्यावें. सूचींत वेष्टन आहे कीं नाहीं, चित्रकाराचें नांव किंवा सहीचें वर्णन, रंगांची संख्या, छपाईचा प्रकार व आवृत्तिपरत्वें झालेला बदल, एवढ्या पांच नोंदी कराव्या. वेष्टन दुसऱ्या प्रतीचें असेल तर तसें लिहावें. मिळवून जोडलेलें वेष्टन मूळचें म्हणून दाखविणें हा पुराव्यांत केलेला घालमेल होय. आणि ज्यांच्या घरीं चित्रकारांचीं मूळ चित्रें, कच्चे आराखडे किंवा प्रकाशकांशीं झालेला पत्रव्यवहार असेल, त्यांनीं तो संस्थांच्या हवालीं करावा.

दोनशें वर्षांपूर्वींचा पुडक्याचा कागद ऑक्सफर्डांत आज जपून ठेवला जातो. आमच्या दुकानांतून व ग्रंथालयांतून पन्नास वर्षांपूर्वींचीं वेष्टनें रद्दींत चाललीं आहेत. ज्यांनीं बासनें सोडून इतिहास बाहेर काढला, त्यांच्या वारसांनीं छापील ग्रंथाचें बासनही तितक्याच आदरानें सोडावें, आणि सोडल्यावर जपून ठेवावें.